दहा जणींची सोसायटी

पत्रक नोटीस बोर्डावर लावायचं सोडून आमच्या हेडक्लार्कनं थेट माझ्या टेबलावर आणून ठेवलं. चष्म्यावरून बघत म्हणाला, "घ्या बाई, तुमच्यासाठीच काढलंय." वर ठळक अक्षरांत ‘एकट्या नोकरदार भगिनींचा परिचय मेळावा’ असं होतं. खाली, अविवाहित, विधवा आणि परित्यक्ता भगिनींनी एकमेकींना ओळखावं, एकमेकींच्या उपयोगी पडावं, चहा व भोजनाची सोय केली आहे. भगिनी हा शब्द मला तेव्हाही आवडत नव्हता. ज्या बाईला आपल्या घरात ठेवून घ्यायचं नसतं तिला लोक भगिनी म्हणतात. तरी मी पत्रकाची घडी घालून ते पर्समध्ये टाकलं.

नव्वदच्या दशकाच्या मधली ही गोष्ट. मी सांगलीत पाटबंधारे खात्यात ट्रेसर होते. साहेबांनी काढलेल्या कालव्यांच्या नकाशांवर पारदर्शक कागद ठेवायचा आणि शाईनं तेच पुन्हा काढायचं, हे माझं काम. वय छत्तीस. लग्न झालं नव्हतं, आणि ते का झालं नाही हे मी इथे सांगणार नाही, कारण आयुष्यभर प्रत्येक परक्या माणसाला मी ते सांगत आले आहे आणि आता मला त्याचा कंटाळा आलाय.

मेळाव्याला जायचं खरं कारण माझी घरमालकीण होती. श्रावण लागायच्या आधी एका सकाळी ती दारात उभी राहिली. "आवं बाई, पोराचं लगीन ठरलंय. खोली लागंल आमास्नी. दिवाळीपतोर बगा कुटंतरी." बाई वाईट नव्हती. ती सांगलीतली माझी सहावी खोली होती. पहिली सोडली कारण मालकाला माझ्याकडे आलेला माझा सख्खा भाऊ भाऊ वाटेना. दुसरी सोडली कारण रात्री आठनंतर नळाला हात लावायचा नाही अशी अट होती. मधल्या तिन्हींची कारणं सांगण्यासारखी नाहीत. नवी खोली बघायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "मिस्टर कुठं असतात?" नाहीत म्हटलं की खोली कालच दिलेली निघायची.

गावी, म्हसवडजवळ, आमचं घर होतं आणि थोडी बागायतही. भाऊ म्हणायचा, "घर हाय की आपलं, कशाला वणवण करतीयास?" पण तिथे मी गेले की वहिनी माझी पिशवी बाहेरच्या सोप्यात ठेवायची, आणि मला तेवढ्यावरून कळायचं.

म्हणून मी एक घर काढायला घेतलं होतं, कागदावर. आमच्या ऑफिससमोर सहकारी संस्थांच्या निबंधकांचं कार्यालय होतं. तिथल्या एका बाईनं मला सांगितलं की दहा जण एकत्र आले तर गृहनिर्माण संस्था नोंदवता येते, मग कर्जही संस्थेला मिळतं. दहा. ती संख्या माझ्या डोक्यात बसली. रोज जेवणाच्या सुट्टीत मी एक दुमजली इमारत काढत होते, पाच खाली, पाच वर. प्रत्येकीला स्वयंपाकघर, प्रत्येकीला स्वतःचा नळ, गॅलरीत कपडे वाळत घालायला स्वतःची दोरी. विश्रामबागेच्या मागे एका निवृत्त गृहस्थांची मोजणी झालेली जागा होती, ते द्यायला तयार होते. कमी होत्या त्या फक्त नऊ बायका. इतक्या एकट्या बायका एका छपराखाली मला दुसरीकडे कुठे मिळणार होत्या?

मेळावा एका मंगल कार्यालयात होता. दारात दोन मुली हळदीकुंकवाची तबकं घेऊन उभ्या होत्या. येणाऱ्या प्रत्येकीच्या गळ्याकडे आणि कपाळाकडे आधी बघायच्या, मग बोट कुंकवात बुडवायचं की नाही ते ठरवायच्या. माझ्या पुढच्या बाईंच्या वेळी त्यांचा हात मधेच थांबला. त्या बाई म्हणाल्या, "राहू दे गं, मला सवय आहे," आणि आत गेल्या. आयोजन शहरातल्या डॉक्टरांच्या आणि कारखानदारांच्या बायकांच्या मंडळाचं होतं. सगळ्या जरीच्या साड्यांत, सगळ्या हसतमुख आणि सगळ्या लग्न झालेल्या.

आत टेबलावर नावनोंदणी होती आणि तिथे छातीला लावायला रिबिनीचे बिल्ले देत होते. मला गुलाबी मिळाला. शेजारच्या मुलीला पिवळा. कुंकू चुकलेल्या बाईंना पांढरा. दोन-चार मिनिटं मला कळलंच नाही. मग कळलं. गुलाबी बिनलग्नाच्या, पांढरा विधवा, पिवळा नवऱ्यानं टाकलेल्या. मी टेबलावरच्या बाईंना विचारलं तर त्या कौतुकानं म्हणाल्या, "एकमेकींशी ओळख करून घ्यायला सोपं जावं म्हणून. माझीच कल्पना!" त्यांना खरंच वाटत होतं की त्यांनी आमची सोय केली आहे. माझं डोकं सणकलं होतं. पण दिवाळी जवळ आली होती, मला नऊ सह्या हव्या होत्या, म्हणून मी गुलाबी बिल्ला लावून मुकाट्यानं खुर्चीवर बसले.

अध्यक्षीणबाईंनी भाषण सुरू केलं. एकटेपण हा शाप नसून संधी आहे, छंद जोपासा, देवाधर्मात मन रमवा, भावाच्या मुलांना आपलं माना. वीस मिनिटं झाली असतील. तेवढ्यात चौथ्या रांगेतून एक बाई उठल्या. सावळ्या, उंच, इस्त्रीची सुती साडी, वय माझ्याएवढंच. आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचवायची सवय असलेला.

"बाई, एक मिनिट. मी हायस्कुलात गणित शिकवते. आम्ही पोरांच्या छातीवर पास-नापास लिहून त्यांना मैदानात फिरवत नाही. तुम्ही आम्हाला हे काय लावलंय?"

शिक्षिकेनं आपला बिल्ला काढला, पिन नीट बंद केली आणि जाऊन टेबलावर ठेवला. मग कुंकू चुकलेल्या बाई उठल्या. मग आम्ही सगळ्याच. सत्तर-ऐंशी बायका रांगेनं टेबलापाशी जाऊन बिल्ले ठेवत होत्या, कोणी हसत होतं, एक-दोघी रडतही होत्या. इतकं बरं मला त्याआधी कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. आपण एकटे नाही असं आयोजकांनी सांगून जे झालं नव्हतं ते तिच्या एका वाक्यानं झालं.

जेवणाला मी मुद्दाम तिच्या शेजारी जागा धरली. पंगत उठल्यावर टेबल पुसून मी माझा नकाशा पसरला आणि सोसायटीची कल्पना सांगितली. बायका गोळा झाल्या. खोल्यांचं दुखणं प्रत्येकीचं होतं. एका बँकेत अधिकारी असलेल्या बाई होत्या, त्यांना आईला घेऊन चौथ्यांदा घर बदलावं लागणार होतं. त्यांनी कर्जाचं सगळं फडाफडा सांगितलं. पांढरा बिल्ला मिळालेल्या त्या बाई डॉक्टर निघाल्या. नवरा गेल्यावर दिरानं दवाखान्यावरची राहती जागा काढून घेतली होती. तहसील कचेरीतल्या एक होत्या, त्या म्हणाल्या, "मला काही नको, फक्त मालकीण नको."

शिक्षिका नकाशा बघत होती. मग बोटानं जिना दाखवून म्हणाली, "दहा फूट उंचीला चौदा पायऱ्या काढल्यात तुम्ही. एकेक पायरी साडेआठ इंचांच्या वर जाती. माझ्या आईचे गुडघे गेलेत, तिला कशी चढवू?"

बारा वर्षं मी पाण्याचा उतार इंचाइंचानं काढत होते, पण जिना माणसाच्या गुडघ्यानं मोजायचा असतो हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तिनं पेन्सिल घेतली आणि अठरा पायऱ्यांचा हिशोब करून समासात लिहून दिला. मला ती फार आवडली. असं माणूस जिन्याच्या पलीकडच्या दारात राहणार, संध्याकाळी चहाला हाक मारणार, एवढ्यानंच मी हरखून गेले होते.

फुलस्केप कागदावर मी वर मजकूर लिहिला आणि पहिली सही केली. मग बँकेतल्या बाईंची, डॉक्टरांची, कचेरीतल्या बाईंची. पाच झाल्या, सात झाल्या. नवव्या सहीनंतर मी मोठ्यानं म्हणाले, "एक कमी पडतेय!" आणि शिक्षिकेनं पेन घेतलं. दहा. कोणीतरी टाळ्याही वाजवल्या.

आणि तेव्हा, निव्वळ आनंदाच्या भरात, मी तो प्रश्न विचारला. आधी विचारलं गाव कोणतं. ती म्हणाली, औंधच्या जवळ. "अगं, म्हणजे आमच्याच बाजूची की तू!" मी एकदम अगंतुगंवर आले. "पाहुणे कुठले तुमचे?"

आमच्या भागात हे असंच असतं. दोन बायका भेटल्या की तिसऱ्या वाक्याला पाहुणे निघतात. कुणाची आत्या कुठे दिली, कुणाची भावजय कुठली आणली, असं करत करत दोघींची नाती जुळतात, आणि मग त्या परक्या राहत नाहीत. मला तिला जवळची करून घ्यायचं होतं. पाहुण्यांची गावं आणि आडनावं ऐकता ऐकता जातही कळते, म्हणून ती कोणी तोंडानं विचारत नाही, हे मला माहीत नव्हतं असं नाही. तेव्हा मनात आलं नाही, एवढंच. ते मनात यायची गरज माझ्यासारखीला कधी पडलीच नव्हती.

ती माझ्याकडे क्षणभर बघत राहिली. रागानं नाही. हा प्रश्न कधीतरी येणार हे ठाऊक असल्यासारखी, फक्त तो माझ्याकडून यावा याचं तिला थोडं नवल वाटलं असावं. "आमचे पाहुणे तुमच्या ओळखीत नसतील," ती म्हणाली. "आम्ही बौद्ध."

"असं होय," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"मग त्यात काय! आम्ही असलं काही मानत नाही हं," बँकेतल्या बाई म्हणाल्या. मानता का असं त्यांना कोणीच विचारलं नव्हतं. पाठोपाठ आणखी दोघींनी तेच सांगितलं. एकीनं तिला आग्रहानं जिलबी आणून दिली. पंगत उठून अर्धा तास झाला होता. शिक्षिकेनं जिलबी घेतली, खाल्ली आणि कागदपत्रं कोणकोणती लागतील ते माझ्याकडून वहीत लिहून घेतलं. जाताना म्हणाली, "जिना तेवढा विसरू नका."

पुढच्या आठवड्यात बँकेतल्या बाई आमच्या ऑफिसात आल्या. त्या चांगल्या बाई होत्या, हे मी आजही म्हणेन. कुणाच्या आजारपणात सगळ्यात आधी धावून जाणाऱ्या. खुर्ची ओढून हळू आवाजात म्हणाल्या, "माझं काही नाही गं. पण आईचं सोवळंओवळं तुला माहीत नाही. तिला या वयात कुठं धक्का द्यायचा? ती आता अशी किती दिवसांची?" त्यांची आई त्यानंतर अकरा वर्षं ठणठणीत जगली. डॉक्टरबाईंचा निरोप आला की त्यांना वैयक्तिक अडचण नाही, पण शेजारपाजारचे पेशंट कुजबुजतील. कचेरीतल्या बाईंनी चिठ्ठी पाठवली, ‘त्यांना त्यांच्या लोकांच्या सोसायटीत जागा मिळेल, सरकार देतंच आहे. आपल्याला कोण देणार?’ मी ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि फाडली. तिघी गेल्या तर सात उरत होत्या.

तोडगाही बँकेतल्या बाईंनीच आणला. त्यांची मामेबहीण सभासद व्हायला तयार होती. तिचं लग्न झालेलं होतं, नवरा आखाती देशात. "म्हणजे ती पण एकटीच आहे म्हण ना," त्या म्हणाल्या. एकट्या बायकांच्या सोसायटीत मंगळसूत्र चालत होतं. पुढे तो नवरा परत आला आणि सोसायटीचा चेअरमन झाला. आजही सगळ्या सभांना तोच बोलतो आणि आम्ही नऊ जणी मान डोलावतो.

मी रविवारी गावी गेले. वडील सैन्यातून सुभेदार होऊन आलेले. मला वाटलं ते तरी पाठीशी उभे राहतील. सगळं सांगितलं. ते तंबाखू मळत ऐकत होते.

"पलटणीत एका ताटात जेवलोय आमी," ते म्हणाले. "तितं कोन कुनाचं ईचारत न्हवतं."

मला धीर आला. "मग आबा, त्या बायकांना सांगू ना, जायचं तर जावा म्हणून?"

"त्ये पलटणीत गं," आबा म्हणाले. "घर बांदायचं म्हंजी शेजार बगावा लागतू. दिवाळी कवा हाय? तुजं तू बग."

एसटीत बसल्यावर मला वडिलांचा राग आला, बँकेतल्या बाईंचा आला, डॉक्टरांचा आला. विट्यापर्यंत मी मनातल्या मनात सगळ्यांना झोडपत होते. विट्यानंतर झोडपायला कोणी उरलं नाही. मग मी हिशोब सुरू केला. दिवाळीला सात आठवडे. सातवी खोली. पुन्हा तोच मिस्टरांचा प्रश्न. तिला काय, तिला खरंच त्यांच्या सोसायटीत मिळेल जागा. कचेरीतल्या बाईंचं फाडून टाकलेलं वाक्य मी स्वतःच स्वतःला म्हणून दाखवत होते आणि या खेपेला ते मला इतकं वाईट वाटत नव्हतं.

सोमवारी मी नवा फुलस्केप कागद घेतला. जुन्यावर काट मारली असती तर कोणी विचारलं असतं, म्हणून खाडाखोड नको. मजकूर तोच लिहिला, सगळ्यांकडे जाऊन नव्यानं सह्या घेतल्या, दहाव्या जागी मामेबहिणीची. मग शिक्षिकेला कार्ड टाकलं. त्यात मी लिहिलं, ‘आवश्यक सभासद संख्या पूर्ण झाली असल्याने आपले नाव प्रतीक्षा यादीत ठेवण्यात आले आहे.’ प्रतीक्षा यादी म्हणून काही नव्हतंच. पण असं सरकारी लिहिलं की ते कोणी केलं हे दिसत नाही, हे बारा वर्षांच्या नोकरीत मी शिकले होते.

चार दिवसांनी ती ऑफिसात आली. दुपारचे साडेचार वाजले असतील. हातात एक मोठं पाकीट होतं. पगाराचा दाखला, सेवापुस्तकाची नक्कल, मी सांगितलेले सगळे कागद त्यात होते, कार्ड मिळायच्या आधीच तिनं ते जमवलेले. पाकीट तिनं टेबलावर ठेवलं नाही, मांडीवरच ठेवलं.

"कार्ड मिळालं," ती म्हणाली. "फक्त एक विचारायला आले. त्या दिवशी माझी सही कितवी होती?"

आजूबाजूला कारकून होते. हेडक्लार्क कान देऊन बसला होता. मी टेबलावरची पट्टी सरळ केली. "गडबडीत लक्षात नाही," मी म्हणाले. "पण अकरावी असावी."

"माझ्याआधी नऊ होत्या. तुम्हीच म्हणाला होता, एक कमी पडतेय."

मी पट्टी पुन्हा सरळ केली. बाहेर शिपाई कुणाला तरी हाक मारत होता.

"मला कारण नको होतं तुमच्याकडून," ती शेवटी म्हणाली. "कारण मला ठाऊक आहे. तुम्ही खरं बोलताय का, तेवढंच बघायचं होतं. बाकीच्यांचं मला काही वाटलं नाही. तुमचं वाटलं."

ती उठली, पदर सारखा केला आणि गेली. आवाज एकदाही चढवला नाही. मेळाव्यात ऐंशी बायकांसाठी तिनं तो चढवला होता.

तेव्हा अजून काहीच बिघडलं नव्हतं, हे मला लिहून ठेवायचंय. अर्ज दिलेला नव्हता. दोन्ही कागद माझ्या खणात होते, जुना आणि नवा. ऑफिस सुटायला तास होता. निबंधकांचं कार्यालय रस्त्याच्या पलीकडे, माझ्या टेबलावरून त्यांचं दार दिसायचं. मी जुना कागद उचलून तिच्या मागे जिन्यापर्यंत धावू शकत होते. ती फार वेगानं चालणारी नव्हती. मी खिडकीशी उभी राहून तिला बस स्टँडच्या दिशेनं जाताना बघितलं, ती वळणाआड जाईपर्यंत. मग जागेवर येऊन बसले आणि एका वितरिकेचा, म्हणजे कालव्याच्या फाट्याचा, अर्धवट राहिलेला नकाशा पूर्ण केला.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मी नवा कागद घेऊन रस्ता ओलांडला. खिडकीतल्या कारकुनानं अर्ज घेतला, बोटाला थुंकी लावून पानं उलटली आणि सह्यांवरून पेन्सिल फिरवत एकेक मोजली. "दहा," तो म्हणाला. "बरोबर आहेत, बाई."